पेरूखालचे गवत

पुंडलिकनगरातल्या आमच्या घरी सकाळचे ऊन एकदम उतरत नाही. आधी ते समोरच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीपाशी थबकते. मग फाटकाच्या गजांमधून निमुळते होऊन आत येते आणि हिरवळीवरचा दवाचा एकेक थेंब उजळत पेरूच्या झाडाकडे सरकते. तिथवर पोचायला त्याला फार वेळ लागतो. ते पेरूखालच्या सावलीत शिरते तेव्हा हातातला चहा निवलेला असतो.

याच उन्हात माझे वडील, अण्णा, गवत कापायचे. ढकलत न्यायचे जुने लोखंडी यंत्र होते, दोन चाकांच्या मधे फिरणाऱ्या पात्यांचे. दरवेळी सुरू करण्याआधी त्या दिवशीच्या वर्तमानपत्राची कोरी कडा ते पात्यांत धरीत. कागद सरळ कापला गेला, तरच पाती गवताला लावायची, ही त्यांची मास्तरकीतली शिस्त. फेब्रुवारीतल्या एका सकाळी ते यंत्रामागेच, पेरूखाली, कोसळले. आई गंगापूरला मावशीकडे गेली होती. साडेसातला शेजाऱ्यांनी मला उठवले, तोवर सगळे संपले होते.

तेव्हापासून यंत्र पेरूखाली आले की अडकते.

"दुरुस्त कर, नाहीतर नवं आण," आई म्हणाली. "पण त्यांची हिरवळ अशी रानावानी नको ठेवू, सुयश."

चौकातल्या दुरुस्तीच्या दुकानात सांडूकाकांनी यंत्र उलटे करून पाती फिरवली. "लोण्यावानी चालतंय. मास्तरांनी लई जपलंय हे. दुरुस्त काय करू, सांग?"

"पेरूखाली अडकतं, काका."

"मग पेरूला आण दुकानात," ते हसले.

यंत्र त्यांच्याकडेच ठेवून मी विजेवर चालणारे नवे आणले. फाटकापासून ते सुरळीत चालले. पेरूखाली आले आणि बंद पडले. मागे ओढले की चालू, पुढे ढकलले की बंद. हे सांगितले तेव्हा सांडूकाका हसले नाहीत.

"ते बी इथंच आणून ठेव," एवढेच म्हणाले.

दोन्ही यंत्रे त्यांच्या दुकानात कुलपाआड गेली. गवत घोट्याच्या वर वाढले.

मंगळवारी सकाळी मी अंथरुणात जागा होतो. पडद्यावर उजेड नुकता फिकटला होता.

बाहेर पात्यांची खरखर सुरू झाली.

चाकांची ती किरकिर मी लहानपणापासून ओळखत होतो. वळणावर दम खाण्यासाठी होणारा थांबाही ओळखीचा होता. एक पट्टा झाला. दुसरा झाला. तिसरा झाला. मी अंथरुणातच पडून राहिलो.

चौथ्या पट्ट्यात मधेच आवाज थांबला.

बाहेर आलो तेव्हा आई अंगणाच्या पायरीवर उभी होती, ओल्या हातांनी, पीठ तसेच बोटांना.

"मशीन आणलंस का रे?"

मी सांडूकाकांना फोन लावला. ते दुकानामागेच राहतात.

"दोन्ही इथंच हायत, बाबा," ते दुकान उघडून पाहून म्हणाले. "का रं?"

मी फोन ठेवून दिला.

फाटकापासून गवताचे तीन पट्टे सरळ कापलेले होते. चौथा पेरूखाली येऊन संपला होता.

वर्तमानपत्र फाटकाच्या गजांत खोचलेले होते, त्यावरचे रबर तसेच. मी ते सोडवून उघडले. पहिल्या पानाची कोरी कडा नव्हती. ती सरळ कापून घेतलेली होती.

आई पायरीवर बसली. बराच वेळ त्या अर्ध्या पट्ट्याकडे पाहत राहिली.

"केवढा आवाज होता," ती म्हणाली. "थांबला तशी मी स्वयंपाकघरातून धावत आले. मग त्या दिवशी तुला कशी नाही रे जाग आली?"

"गाढ झोप लागली होती," मी म्हणालो. दरवेळी हेच म्हणत आलो होतो.

तिने मान हलवली. ऊन पेरूखाली शिरत होते.

त्या दिवशी मी जागा होतो. यंत्र थांबलेले मी ऐकले होते. आता निवांत झोपता येईल, असे वाटून मी कूस बदलली होती.