हात वर, श्वास आत

मुखेड-नायगाव रस्त्यावर, शाळेच्या फाटकाशी राजकन्या एसटीची वाट बघत हात वर-खाली करत होती. ते बघून संगमेश्वरनं मोटारसायकल कचकन थांबवली. पाठीला क्लॅरिनेटची पेटी... गडी लग्नाच्या बँडात वाजवायचा.

"कुठं सोडू मॅडम?"

"कुठंच नाही! तालीम करून राहिले मी."

ती शाळेतली नवी संगीतशिक्षिका. सव्वीस जानेवारीला तीस पोरांचा बँड तिनं हाताच्या इशाऱ्यावर चालवायचा होता, तोही भांडून मिळवलेला. जमला नाही तर पुन्हा पीटीच्या सरांकडं जाणार, असं मुख्याध्यापकांनी तोंडावर सांगितलेलं. आणि पोरं तर तिच्या हाताकडं बघतच नव्हती! तिनं तेही त्याला सांगून टाकलं.

"मोबाईलवर गाणं लावून तालीम केली काय?"

"हाव. रोज दोन तास."

"मग बरोबर हाय. मोबाईल कुणासाठी थांबत न्हाई, तुमचा हात त्याच्या मागं पळायलाय. वाजवणाऱ्याला आधी श्वास लागतो, मॅडम. हात वर नेताना तुम्ही बी श्वास घ्या."

राजकन्येला राग आला. खरं होतं म्हणूनच आला.

दुसऱ्या दिवशी तो त्याच रस्त्यानं आला, तर तिनंच हात दाखवून थांबवलं. मग तीन आठवडे, शाळा सुटली की मैदानावर तालीम. तिचा हात सांगेल तेच तो वाजवायचा. हात अडखळला की सूरही अडखळायचा. एकदा तिनं कपाळावरची बट मागं सारली, तर यानं पोंऽऽ केलं.

"ते तुमच्यासाठी नव्हतं!"

"असतं तर बरं झालं असतं..."

ती लाजली, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. सगळ्यात अवघड काम थांबवण्याचं. मूठ मिटली की एकदम शांत. ते तर शंभरदा केलं.

सव्वीस जानेवारीला तिचा हात वर गेला. तीस पोरांनी एकदम श्वास घेतला, तो तिला ऐकू आला आणि भीतीच पळाली. बँड झकास वाजला. मुख्याध्यापक म्हणाले, "बँड तुमचाच, मॅडम."

पांगापांग झाल्यावर संगमेश्वर झेंड्यापाशी घुटमळत राहिला.

"आता माझं काम संपलं... म्हणजे मी... तुम्ही —"

वरातीत हजार माणसांपुढं वाजवणारा हा गडी, आणि शब्द फुटेना!

राजकन्येनं हात वर केला. त्यानं सवयीनं श्वास घेतला. हात खाली आला.

"माझ्याशी लग्न करता का? घरी आई हाय, तीन एकर रान हाय, लग्नसराईत मी चार-चार दिवस घरी नसतो, पण —"

तिनं मूठ मिटली. तो जागच्या जागी गप्प.

"हाव," ती म्हणाली.