पाचवा वाचक

आमच्या मिशनच्या दवाखान्यांची ईमेल मी सांभाळतो. टोंगाच्या चार बेटांवर चार सर्व्हर आहेत आणि इथे राजधानीत, नुकुआलोफात, माझ्या टेबलाखाली, त्यांचा प्रॉक्सी. तो दारावरचा रखवालदार. कोणाची टपालपेटी कुठल्या बेटावर आहे हे त्याला पाठ असतं, त्यामुळे नर्सबाईंना त्याची फिकीर नसते.

दर बेटावर एक नर्स, आणि चारही नर्सची एक सामाईक पेटी आहे. तिच्यात एकीने पत्र उघडलं की ते सगळ्यांनाच वाचलेलं दिसतं. त्यावर त्यांच्यातल्याच एकीने, माझ्या आत्याने, लविनियाने, तोडगा काढला. वाचून झालं की ‘न वाचलेलं’ अशी खूण परत करायची, म्हणजे पुढचीला ते ठळक अक्षरात दिसतं. सगळ्या ठरलेल्या क्रमाने वाचतात आणि चौथी ते ‘वाचलेलं’ म्हणूनच सोडते. हे काम मशीनही करू शकतं, पण आमच्याकडे आत्याचा शब्द बापाच्याही वरचा, तेव्हा मी गप्प बसलो.

आत्या सगळ्यात लहान बेटावर असते. अकरा घरं, आठवड्यात एक बोट, तीही गुरुवारी. प्रत्येक घरात कोणी ना कोणी खोकत असतंच, आणि त्या सगळ्यांना आत्या हवी असते.

जूनमध्ये तिचा फोन आला. चौघींनी वाचून संपवलेली पत्रं सोमवारी पुन्हा ठळक झालेली दिसतात, अशी तक्रार होती.

“तू वेळेवर जेवतोस ना? की उपाशीपोटी त्या यंत्रांशी खेळत बसतोस?”

मी नोंदी उघडल्या. खुणा रविवारी बदलत होत्या. रविवारी टोंगात कोणी कामाला हात लावत नाही. चर्च, मग जेवण, मग झोप. आणि खुणा बदलणारा कुठून आला, त्यापुढे प्रॉक्सीने लिहिलं होतं: सर्व्हर क्रमांक पाच.

पाचवा सर्व्हर आम्ही कधी घेतलाच नव्हता. यादीतली ती ओळ मी पुसली, पासवर्ड बदलले. पुढच्या सोमवारी ओळ जागच्या जागी होती. असं तीनदा झालं, मग मी नाद सोडला.

आत्याला सांगितलं तेव्हा वाटलं, घाबरेल. ती म्हणाली, वाचून दुसऱ्यासाठी ठेवतंय ना, मग चांगल्या घरचं आहे. पुढे ती पत्रांच्या शेवटी त्या अनोळखी वाचकाची ख्यालीखुशालीही विचारू लागली. अशी ही माझी आत्या.

ऑगस्टमध्ये डॉक्टरांनी तिच्या हृदयाची झडप बदलायला सांगितली. ऑकलंडला जायचं, आणि महिन्याच्या आत. ती ऐकेना. बदली नर्स आल्याशिवाय बेट सोडणार नाही, म्हणाली. शनिवारी मी सामाईक पेटीत लिहिलं: दोन महिन्यांसाठी कोणी जाईल का? तिघींनी त्याच दिवशी हळहळत नकार कळवला. त्या संध्याकाळी मी रडलो, खोटं कशाला बोलू.

सोमवारी सकाळी आत्याचा फोन.

“बदली आली रे. पहाटे दारातच उभी होती. बोलते कमी, पण हात हलका आहे.”

“आत्या, बोट तर गुरुवारी येते.”

पलीकडे कपाट उघडल्याचा आवाज आला.

“मला बॅग भरू देशील का आता?”

मी पुढे विचारलं नाही. मला ती जिवंत हवी होती.

ऑपरेशन छान झालं. ती माझ्याकडे येऊन राहिली, माझ्या हातचं जेवून मलाच नावं ठेवू लागली. बेटावरून दर आठवड्याला सामाईक पेटीत एक ओळ यायची, ‘सगळं ठीक.’ ती पाचव्या सर्व्हरवरून यायची, हे मी तिला सांगितलं नाही.

तिच्या गालांवर रंग परत आला. गुरुवारच्या बोटीचं तिकीटही तिने काढून आणलं.

सोमवारी आम्ही दोघांनी मिळून पेटी उघडली. आदल्या दिवशी, रविवारी, बेटावरून एक पत्र आलं होतं.

आत्याने चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं.

“लविनिया, सावकाश ये. इथे आता कोणीच आजारी पडत नाही.”