नव्या बिंबिका

वैजयंतीच्या दंडावरची पट्टी नारिंगी झाली आणि शिरीष घाटगे हातातला चहा तसाच ठेवून उठले.

"पुन्हा? काय खाल्लंस? लोणच्याला हात लावलास ना?"

"नाही हो, नुसता वरणभात..."

"मग हिचा रंग बदलतो कसा? मी काय वेडा आहे?"

पट्टी आणखी गडद झाली.

मिरजेत आता अशा पट्ट्या घरोघरी दिसायच्या. रक्तातल्या बिंबिका, म्हणजे प्लेटलेट, किती चिकट झाल्यात ते ही नखाएवढी पट्टी रंगानं दाखवायची. शांत असल्या की हिरवी, चिकटायला लागल्या की नारिंगी, फारच झालं की लाल. उन्हाळ्यात वैजयंतीचं तोंड घडीभर वाकडं झालं, तेव्हापासून ती पट्टी लावत होती. शिरीषरावांनी घरातलं लोणचं, पापड, एवढंच काय, तिच्या मालिकासुद्धा बंद केल्या. बायकोच्या काळजीनं माणूस अर्धा झाला होता, ह्यात खोटं काही नाही. पण काळजी करायची तीही ओरडूनच, ह्याला काय म्हणावं?

शेवटी दोघं डॉक्टर तन्वी मगदूम यांच्याकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "काका, जरा बाहेर थांबता?"

दाराच्या काचेतून शिरीषराव बघत राहिले. दोघी कशावरून तरी हसत होत्या. पट्टी हळूहळू हिरवी झाली. डॉक्टरांनी त्यांना आत बोलावलं; ते आत आले, तशी नारिंगी. पुन्हा बाहेर पाठवलं, पुन्हा हिरवी.

"पट्टीच खराब आहे तुमची!" शिरीषराव आत येत गरजले.

पट्टी लालभडक झाली. वैजयंतीनं घाईघाईनं पदर दंडावर ओढून घेतला. नवऱ्याची लाज झाकायला! ते पाहून शिरीषरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"जखम झाली की बिंबिकांनी चिकटायचं असतं, काका," डॉक्टर म्हणाल्या. "पण सतत धास्ती असली तरी त्या चिकट होतात. मग जखम नसतानाच गुठळी होते. ती मेंदूत अडकली, तर पुढच्या वेळी तोंड सरळ होईलच असं नाही."

"मी हिच्यावर कधी हात उगारला नाही हो."

"ते रक्ताला कुठं कळतं?"

निघताना त्या म्हणाल्या, "बिंबिका जेमतेम आठ-दहा दिवस जगतात. जुन्या जातात, नव्या येतात. गोळ्या द्याच, पण घरात जरा जपा."

घरी आल्यावर शिरीषराव ठरवून गप्प बसले. वैजयंती चहा घेऊन आली आणि दारातच थबकली.

"अहो, काय झालं? चिडलात का?"

पदराखालून पट्टीचा नारिंगी रंग दिसत होता. ते गप्प झाले की पाठोपाठ काय येतं, हे ती तीस वर्षं बघत आली होती.

"नाही गं वैजू, चिडलो नाही. बस ना इथं."

ती बसली, खुर्चीच्या अगदी कडेला. शिरीषरावांना मान वर करवेना. दहा दिवसांत हिच्या रक्तात सगळ्या नव्या बिंबिका येतील. त्यांतल्या एकीनंही आपला आवाज ऐकलेला नसेल. पण त्या येणार हिच्याच अंगात. आपल्याबद्दल त्यांना काय सांगितलं जाईल?