होल्मफास्टच्या नावाचा दगड

चार उन्हाळे पूर्वेकडे कातडी विकून होल्मफास्ट गावी परतला, तेव्हा पुलाच्या तोंडाशी त्याला आपलंच नाव भेटलं.

त्या मुलखात उन्हाळ्यात सूर्य बुडायचं मनावरच घेत नाही. दुधाळ उजेडात झाडं, पाणी, कापलेल्या गवताचा वास, सगळं तरंगत असतं. त्या उजेडात नवा दगड उभा होता. त्यावर सापासारखी वळत गेलेली, रून या जुन्या लिपीतली अक्षरं: 'गीरिदने हा दगड उभा केला, पूर्वेला वारलेल्या नवऱ्यासाठी, होल्मफास्टसाठी.' गावचा दगड कोरणारा म्हातारा उल्फकेल शेवटच्या अक्षरात तांबडा रंग भरत होता.

"बाबा, हे काय आरंभलंय? मी जिता आहे की!"

उल्फकेलचा हात थांबला. "मेल्या, सकाळी कडमडला असतास तर..."

"आता काय बिघडलं?"

"रंग भरेपर्यंत ते नुसते ओरखडे रे. तांबडं भरलं की अक्षर जागं होतं. तुझ्या नावाचं पहिलं अक्षर म्हणजे गारपिटीची खूण. ती उभं पीक ठेवत नाही. आता नाव दगडाचं... आणि ज्याचं नाव, त्याचं घर. त्याचीच बायको."

होल्मफास्ट हसायला गेला, आणि त्याला आठवलं. मघाशी नावाड्याने त्याला तीनदा नाव विचारलं होतं, आणि तिन्ही वेळा नावाडी ते ऐकून विसरला होता.

"उपाय सांगा."

"नाव खरवड. भुकटी बिअरमध्ये घालून पी. कणही मागे ठेवू नकोस."

खरवडताना बोटं सोलली. भुकटी उल्फकेलच्या बिअर प्यायच्या शिंगात पडली, फेस तांबूस झाला. तो पिऊ लागला, आणि पुलाच्या फळ्या वाजल्या. गीरिद येत होती, दगडाला पाजायला बिअरचा घडा घेऊन. चार वर्षांनी ती चाल पाहिली आणि त्याचं भान सुटलं. शिंग तळाला आलं. शेवटचा घोट मेलेल्यांचा, ही जन्माची सवय. त्याने तो दगडाच्या पायाशी ओतला.

"अरे... काय केलंस हे..." उल्फकेल पुटपुटला.

तळाच्या भुकटीसकट घोट मातीत जिरला.

गीरिद थबकली. तिने खरवडलेल्या जागेकडे पाहिलं, मग इकडे-तिकडे. तिने हाक मारली. "होल्मफास्ट...?"

त्याने तोंड उघडलं.

ओ दगडातून आली. त्याच्याच आवाजात, जरा दमलेली, घरी पोचलेल्या माणसासारखी.

गीरिदचा चेहरा उजळला. घडा खाली ठेवून, दोन्ही हात पसरून ती निघाली. वाटेत उभ्या असलेल्या माणसाला हळूच म्हणाली, "जरा सरा हो, पाहुणे."