वीतभर आखूड पडदा

ती दवाखान्यात शिरली तेव्हा तो स्टुलावर चढून नव्या तपासणी-खोलीच्या दारावर दांडा ठोकत होता. तिने शिवून आणलेला निळा पडदा त्यावर चढला आणि दोघंही खाली बघत राहिली. पडदा जमिनीपासून चांगला वीतभर वर!

"माप तुम्हीच दिलं होतंत ना?" ती फणकारली. "सुतार म्हणे!"

"चुकतं हो... कधीकधी," तो गालातल्या गालात हसला.

खालून पाय दिसले तर एकही बाई आत जायची नाही. खरं तर तिलाही हा बहाणा हवाच होता. एचआयव्हीच्या गोळ्या ती इथूनच घ्यायची. आता त्याच फेरीत गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणीही होणार होती. "तुला धोका जास्त," असं सिस्टर कितीदा तरी म्हणाल्या होत्या. ती भीतीने टाळत होती.

खाली पट्टी जोडून तिने पडदा परत आणला. ती कड्या ओवू लागली, त्याने दांडा धरला. बोटाला बोट लागलं... निळ्या कापडातून ऊन झिरपत होतं, त्याच्या शर्टाला ताज्या लाकडाचा वास होता. ही दुपार संपूच नये, असं तिला वाटलं.

"एक सांगू? माप चुकलं नव्हतं. तुम्ही पुन्हा यावं म्हणून..."

ती लाजली आणि लगेच घाबरली. आता सांगायलाच हवं. ऐकून हा निघून गेला तर?

"मी दर महिन्याला येतेच — एचआयव्हीच्या गोळ्या घ्यायला."

तेवढ्यात सिस्टरांनी हाक मारली, "झाला ना पडदा? मग पहिली तूच!"

आत तपासणीसाठी लावलेल्या व्हिनेगरचा आंबूस वास होता. "बारीक डाग आहे," सिस्टर हलकेच म्हणाल्या. "कॅन्सर नाही, घाबरू नकोस. आत्ताच यंत्राने शेकून टाकते, म्हणजे पुढे त्याचा कॅन्सर व्हायला नको."

शेकून झालं. साडी सारखी करत ती दाराकडे बघत राहिली. पडदा आता थेट जमिनीला टेकला होता. वीतभर आखूड असता तर निदान त्याचे पाय दिसले असते! तिचा जीव टांगणीला लागला.

"बाहेर... आहे का हो कुणी?"

"आहे की," पलीकडून आवाज आला. "आणि दर महिन्यालाही येईन म्हणतो, तुमच्यासोबत. चालेल?"

"चालेल," ती म्हणाली, आणि आपणच शिवलेल्या पडद्याला तिने खुशाल डोळे पुसले.