हंगामाच्या सणाचा कोंबडा

कारंज्याच्या त्या लहानशा चर्चमध्ये हेमला पहिल्यांदा आली, ती उशिरा. आता एकोणीस वर्षांच्या मुलीनं आत्याच्या गावी, नव्या निळ्या साडीत, आरशासमोर जरा वेळ घालवला तर तो काही गुन्हा नव्हे. पण दाराशी चपला काढून ती आत डोकावली, तेव्हा बायकांच्या बाजूची सतरंजी गच्च भरलेली. जागा होती ती फक्त पुढं, पेटीच्या शेजारी. बसली बिचारी अंग चोरून.

पेटीवर एक तरुण होता. केसांत कापसाचे दोन-चार तंतू अडकलेले. खिडकीतून डिसेंबरचा गार वारा येत होता आणि त्याच्यासमोरच्या गाण्याच्या पुस्तकाचं पान सारखं उलटत होतं. एक हात भात्यावर, एक पट्ट्यांवर... तिसरा आणायचा कुठून? मान न वळवता तो हळूच म्हणाला,

“पान धरता काय जरासं?”

तिनं धरलं. त्याची नजर खरं तर पानावर हवी होती. ती पानावरून तिच्या बोटांवर, बोटांवरून बांगड्यांवर गेली, आणि शेवटच्या कडव्यात एक पट्टी चुकलीच. पाळकसाहेबांनी मिटलेले डोळे उघडून पाहिलं.

उपासना सुटल्यावर ती दाराशी त्याला म्हणाली, “चुकलात की.”

“मी नाई. पान हाललं.”

“मी तर घट्ट धरलं होतं.”

“थेच त...” तो हसला, “लय घट्ट धरलं होतं.”

त्याचं नाव शांतवन. कापसाच्या जिनमध्ये मशीनवर कामाला होता. नाताळच्या त्या आठवड्यात गाण्यांची तालीम बेबी आत्याच्या अंगणात व्हायची, आणि कामावरून सुटला की तो पेटी घेऊन थेट तिथंच यायचा. बेबी आत्या म्हणजे हेमलाच्या वडिलांची धाकटी बहीण. तिच्या हातचा चहा गावात कोणाला फारसा आवडत नसे. शांतवन दोन-दोन कप पिऊ लागला, तेव्हाच आत्याच्या ध्यानात यायला हवं होतं.

हेमला अमरावतीच्या कॉलेजात शिकत होती आणि बोलायची अगदी छापील. तो चिडवायचा, तुम्ही बोलता तेव्हा रेडिओ लागल्यासारखा वाटतो. ती खोटं खोटं रुसायची. मग बडनेऱ्याच्या आपल्या चर्चबद्दल सांगायची, तिथला मोठा ऑर्गन, तिथली गायकमंडळी. वडील काय करतात, असं त्यानं एकदा विचारलं. “रेल्वेत आहेत,” एवढंच ती म्हणाली आणि कपबश्या उचलून आत गेली.

तिचे बाबा देवमन इंजिनांच्या शेडमध्ये बॉयलरवर हातोडा चालवायचे. त्या घणघणाटात त्यांचे कान जवळजवळ गेले होते. त्याचं तिला काही वाटत नसे. वाटे ते त्यांच्या गाण्याचं. स्वतःचाच आवाज ऐकू येत नसल्यानं ते सगळ्या जोरानं गायचे, इतरांच्या आधी सुरू व्हायचे आणि सूर कुठं ठेवला ते त्यांनाच ठाऊक नसायचं. बडनेऱ्यात ऑर्गन त्यांना झाकून टाकायचा. इथं माणसं तीस-चाळीस आणि एक हातपेटी.

म्हणूनच, नाताळला सुट्टी न मिळालेले बाबा आता रविवारी हंगामाच्या सणाला, या चर्चमध्ये पहिल्यांदाच, येताहेत, असा निरोप आला तेव्हा तिला आधी शांतवन आठवला. शांतवन हसेल. सगळे हसतात, तोही हसेल. गाडी चुकावी, असं तिच्या मनात आलं. स्वतःच्या बापाबद्दल असं मनात आल्याची लाज वाटली, तरी ते पुन्हा पुन्हा येतच राहिलं.

हंगामाचा सण म्हणजे शेतातलं पहिलं पीक देवाला. त्या रविवारी चर्चमध्ये ज्वारीची कणसं, तुरीच्या शेंगा, भोपळे, कापसाची गाठोडी असं सगळं टेबलाभोवती मांडलेलं. म्हाताऱ्या रामीबाईनं आपला लाल तुऱ्याचा कोंबडा आणून टेबलाच्या पायाला बांधला होता. उपासनेनंतर या सगळ्याचा लिलाव आणि मग जेवण. बेबी आत्या मागच्या अंगणात मटणाच्या पातेल्यापाशी अडकली होती.

पहिलं गीत सुरू झालं आणि दारात बाबा दिसले. काळा कोट, खांद्याला पिशवी. पुरुषांच्या बाजूला शेवटी बसले आणि बसल्या बसल्या गायला लागले.

छपरावरची कबुतरं उडाली, असं म्हटलं तर फार खोटं होणार नाही. पोरं माना वळवून पाहू लागली. बायकांनी पदर तोंडाला लावले. हेमलानं डोळे मिटले. प्रत्येक ओळीला बाबा आता उडी घेणार, हे तिला आधीच कळायचं आणि ती आधीच डोळे मिटून घ्यायची. पेटी एकदा अडखळली. शांतवनकडं पाहायची तिची छाती झाली नाही.

मग बायका रांगेनं आपापलं दान पुढं ठेवायला उठल्या. हेमला आत्याची वांग्यांची टोपली घेऊन टेबलापाशी वाकली, तेव्हा पेटीवरून शांतवननं हळूच विचारलं,

“ते मांगं बसले ते पाव्हने कोन हायेत वो?”

त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं. तिनं तेवढंच पाहिलं.

“मला काय माहीत,” ती अर्धवट मागं वळून म्हणाली. “मी नाही ओळखत त्यांना.”

आणि टेबलाखालचा कोंबडा मान उंच करून आरवला.

पोरं खदखदून हसली. हेमला मात्र टोपली ठेवायचीच विसरली. रविवारच्या शाळेत सगळ्यात आधी शिकवलेली गोष्ट... गुरूला पकडून नेलं त्या रात्री ‘मी त्याला ओळखत नाही’ म्हणणारा तो शिष्य, आणि लगेच आरवलेला तो कोंबडा. तिनं मागं पाहिलं. बाबा तिच्याकडंच पाहत होते. तिच्या ओठांकडं.

शेडमध्ये कोणाला कोणाचं ऐकू येत नाही. तिथली माणसं ओठांवरून बोलणं ओळखतात, या टोकापासून त्या टोकापर्यंत. घरात आई दुसऱ्या खोलीच्या दारातून नुसते ओठ हलवायची आणि बाबा तिकडून उत्तर द्यायचे. हे हेमलाला कळायला लागल्यापासून माहीत होतं.

लेक दिसल्याचं हसू बाबांच्या तोंडावर तसंच राहून गेलं होतं. मग त्यांनी मान खाली घातली आणि पिशवीचा बंद नीट करू लागले. पिशवीतून एक लाल बाही बाहेर आली होती. हेमलाचं स्वेटर. घाईत घरी विसरलेलं. थंडीची आठवण ठेवून ते घेऊन आले होते.

ती जागेवर येऊन बसली.

या चर्चची एक रीत होती. नवा पाहुणा आला की पाळकसाहेब शेवटच्या गीताआधी त्याला उभं करायचे, आणि तो ज्या घरी आला असेल त्या घरचं माणूस उठून म्हणायचं, “आमचे.” मग सगळे त्याला नमस्कार करायचे. पाळकसाहेबांनी त्या रीतीप्रमाणं बाबांना विचारलं, आपण कोणाकडचे?

बाबा उठले. “मी देवमन. बडनेऱ्याहून आलो जी,” ते म्हणाले, नेहमीच्या मोठ्या आवाजात. “कोनाकडचा नाई. वाटेनं जात होतो, आत आलो. दुपारच्या गाडीनं निंगतो.”

असा कोणाचाच नसलेला पाहुणा त्या चर्चनं कधी पाहिला नसावा. आता नुसतं गप्प बसलं की झालं. बाबा निघून जातील. शांतवनला कधी कळणार नाही. बाबांनी सगळं सोपं करून ठेवलं होतं, आणि तेच हेमलाला सोसेना.

ती उभी राहिली. रेडिओसारखं बोलायला गेली, ते शब्दच येईनात. आले ते घरचे.

“ते माहे बाबा हायेत,” ती म्हणाली. “मी खोटं बोलली. आमचे हायेत ते.”

बाबा आपल्या मतानं तिच्या कानात बोलावं तसं म्हणाले, “काहून उठली वो माय, लोकं पाहून राह्यले,” आणि ते अख्ख्या चर्चनं ऐकलं. आता मात्र बायकांनी पदर लावले ते डोळ्यांना.

शेवटचं गीत होतं. शांतवन उठला, पेटी उचलून पुरुषांच्या बाजूला गेला आणि बाबांसमोर बसला. त्यांचा जाड, भाजल्याच्या डागांचा तळवा धरून त्यानं पेटीच्या लाकडावर ठेवला. बाबा दचकले. मग लाकडाची थरथर हाताला लागली असावी, कारण त्या दिवशी ते पहिल्यांदा सगळ्यांच्या बरोबर सुरू झाले. सूर लागला नाही तो नाहीच. पण इतकं खुशीत गाताना हेमलानं त्यांना कधी पाहिलं नव्हतं. पाहिलंच नव्हतं, कारण डोळे मिटलेले असायचे.

जेवणं चालू होती, तेव्हा ती मागच्या लिंबाखाली एकटी उभी होती. शांतवन दोन पत्रावळी घेऊन आला. तिनं मान वर केली नाही.

“मले आंधीच मालूम होतं,” तो म्हणाला.

“काय?”

“ते तुमचे बाबा हायेत म्हनून. सूर सुटाच्या आंधी तुमी डोये मिटत होत्या. सूर कुठी सुटनार हे घरच्याच मानसाले मालूम रायते.” त्यानं एक पत्रावळ तिच्यापुढं धरली. “माहा बाप बी जिनमंधीच होता. असाच गाये. मी बी असेच डोये मिटो... आता कोनासाठी मिटू?”

तिनं आता त्याच्याकडं पाहिलं. तो पत्रावळीकडं पाहत होता.

“मालूम असून मी मस्करीनं इचारलं. तुमी सांगसान, मंग मी माह्या बापाचं सांगीन, असं होतं मनात. लाज मले वाटाले पायजे.”

“मला जास्त वाटतेय.”

“बरं. मंग अर्धी अर्धी घेऊ,” तो म्हणाला, आणि इतकं झाल्यावरही तिला हसू आलं.

हेमलाची सुट्टी संपलीच होती, म्हणून दुपारच्या एस.टी.नं तीही बाबांबरोबर निघाली. बाबा खिडकीशी बसले. ती पायरीवर पाय ठेवणार, तोच शांतवन धापा टाकत आला. काखेत रामीबाईचा कोंबडा. लिलावात त्यानंच घेतला होता.

“हा न्या संगं.”

“मी कोंबडा नेऊन काय करू?”

“ठेवा जवळ. खोटं बोलल्या का आरवते.”

“आणि खरं बोलले तर?”

“मंग चूप रायते.” त्यानं खाली पाहिलं. “बोलून पाहा...”

गाडीचं इंजिन सुरू झालं होतं. हेमलानं कोंबडा घेतला, पोटाशी धरला.

“तुमी मले आवडता,” ती म्हणाली.

दोघंही कोंबड्याकडं पाहू लागले. त्यानं मान तिरपी केली, डोळा मिचकावला आणि गप्प राहिला.

शांतवनचे कान लाल झाले. “माहं बी तेच हाय,” तो पुटपुटला. “बडनेऱ्याले येतो मी. आईले घेऊन.” कंडक्टरनं घंटी मारली.

ती बाबांशेजारी जाऊन बसली. त्यांनी तिच्या खांद्यावर स्वेटर टाकलं. काही ऐकू न येणारे बाबा काचेतून सगळं पाहत बसले होते, हे तिला फार उशिरा आठवलं.

“पोरगा चांगला हाय,” बाबा म्हणाले. अख्खी गाडी वळली. पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्यानं तर मान डोलावली.

हेमला कानापर्यंत लाल झाली. पण बाबांचं अजून संपलं नव्हतं. गाव मागं पडलं, तुरीची शेतं लागली, आणि ते सकाळचं गीत गाऊ लागले, सगळ्या जोरानं. लोक हसू लागले. हेमलानं त्यांचा तळवा धरून आपल्या गळ्यापाशी ठेवला, पेटीवर ठेवला होता तसा, आणि त्यांच्याबरोबर गायला लागली. पुढच्या ओळीला बाबा उडी घेणार, हे तिला आधीच कळलं. तिनं डोळे मिटले नाहीत.