काजूच्या बागेतली शेळी

सुरू

लोंढ्याच्या फलाटावर, खांबामागून, अचानक –

"कोन हाय रं तिकडं?"

मी दचकले. "मी आहे! का हो?"

खांबाआडून एक मान बाहेर आली. हातात मोबाईल, रेकॉर्डिंग चालू. कान लालबुंद.

"तुमाला न्हाय ओ... शेळीला."

"कुठाय शेळी?"

"गेममधी."

तो नागेंद्र. खानापूरकडचा. नोकरी बेळगावात, आणि उरलेल्या वेळात एकट्यानं गेम बनवणं. गाडी येईपर्यंत मी सगळं ऐकून घेतलं. गळ्यात घंटा असलेली शेळी काजूच्या बागेत शिरते. पळाली की घंटा वाजते, वाजली की राखणदार बॅटरी घेऊन येतो. म्हणून घंटेत गवत कोंबायचं, सावलीसावलीतून सरकायचं, पलीकडचं फाटक गाठायचं.

"पण राखणदाराचा आवाज फलाटावर का?"

"घरात केला की आई विचारती, कुनाला वरडतोयस?"

मी हसले. बेळगावला उतरताना त्यानं छोटासा कन्सोल माझ्या हातात ठेवला. "खेळून बघा. कुठं अडतंय ते रविवारी सांगा. नाव काय म्हनला?"

"भैरवी."

खेळ

गवत कोंबलं. सरकले. फाटक हातभर राहिलं... घंटा वाजली.

*कोन हाय रं तिकडं?*

पकडलं. पुन्हा?

हो.

पकडलं. पुन्हा?

हो... हो.

अडलं

असे बरेच रविवार गेले. 'तुमी'चं 'तू' कधी झालं, कळलंच नाही. एका रविवारी आइस्क्रीमच्या दुकानात त्यानं कन्सोल तपासला, आणि त्याचा चेहरा पडला.

"सारखी फाटकापाशीच पकडली जातीस. राखणदार लई अवघड झालाय गं. काढूनच टाकतो त्याला. उद्या गेम स्पर्धेला पाठवायचाय."

"काढू नको!"

"का?"

"कारण..."

आइस्क्रीम वितळायला लागलं. गप्प बसले, तर उद्यापासून तो आवाज नाही. बोलले, तर – मीच पकडली जाणार. खरीखुरी.

मी कन्सोल ओढून घेतला. "बघ."

शेळी निघाली. गवत, सावली, पुन्हा सावली... एकही चूक नाही. समोर फाटक, सताड उघडं. मी थांबले. घंटेतलं गवत काढलं, आणि सरळ बॅटरीच्या उजेडात जाऊन उभी राहिले.

*कोन हाय रं तिकडं?*

"अगं – मुद्दाम?"

"व्हय," मी त्याच्यासारखंच म्हणाले.

"का पर?"

"तो ओरडतो ना... ते ऐकायला."

त्याचे कान पुन्हा लालबुंद, लोंढ्याला होते तस्से.

"रोज?"

"रोज. दात घासतानासुद्धा."

"येडी हैस."

"आहे."

"राखणदार ऱ्हाऊ दे मग," तो पुटपुटला. कन्सोलचा आवाज त्यानं पार बंद केला. मग माझ्याकडे बघत, शेजारच्या टेबलाला ऐकू जाणार नाही इतकं हळू –

"कोन हाय तिकडं?"

या वेळी मी दचकले नाही.

"मी आहे."

पडद्यावर 'पुन्हा?' लुकलुकत राहिलं. बटण कुणीच दाबलं नाही.